पाय नसलेला बगळा: एका क्रॉपचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपमधल्या एका माणसाचं आणि त्याच्या एका फोटोच्या क्रॉपचं, म्हणजे कडा कापून हवा तेवढाच भाग ठेवण्याचं. नाव सांगत नाही, सगळे त्याला दादा म्हणतात तर मीही इथं दादाच म्हणतो. तळं कुठलं तेही लिहीत नाही, कारण जागा कळली की तिथं बगळ्यांपेक्षा ट्रायपॉड जास्त होतात. लिहायची परवानगी घेतलीय, उलट तोच म्हणाला, "लिही बिनधास्त, निदान दुसऱ्याच्या बगळ्याचे तरी पाय वाचतील."

दादा सात-आठ वर्षं पक्ष्यांचे फोटो काढतोय, नवखा अजिबात नाही. पक्षी ओळखतो, तासन् तास एका जागी बसतो, पक्षी अस्वस्थ झाला की उठून निघून येतो. कॅमेरा २४ मेगापिक्सलचा, एपीएस-सी (जरा लहान मापाच्या) सेन्सरचा, म्हणजे फोटो ६००० बाय ४००० पिक्सलचा. लेन्स १५०-६०० मिलीमीटर झूम. मी त्याच्यापेक्षा खूप कमी फोटो काढतो, पण एडिटिंगची मला आवड आहे आणि ग्रुपच्या प्रदर्शनाच्या प्रिंट फायली माझ्या हाताखालून जातात, म्हणून हे सगळं जवळून बघितलं.

प्रदर्शनाच्या अटी दोनच होत्या. एक, सगळे माउंट, म्हणजे प्रिंटभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, एकाच मापाचे, १६ बाय २० इंच, उभे. दोन, फोटो निसर्ग विभागाच्या नियमात बसला पाहिजे. हा नियम म्हणजे २०१४ साली फियाप (आंतरराष्ट्रीय फोटोग्राफी महासंघ), पीएसए (अमेरिकेची फोटोग्राफिक सोसायटी) आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी या तिघांनी मिळून ठरवलेली निसर्ग फोटोग्राफीची व्याख्या, बऱ्याच स्पर्धा आज तीच वापरतात. तिच्यात क्रॉप चालतो. पण क्रॉप सोडून दुसऱ्या कुठल्याही मार्गानं फोटोत काही घालायचं नाही, काढायचं नाही, हलवायचं नाही, आणि फोटो एकमेकांना जोडलेलेही चालत नाहीत. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

त्या सकाळी काय झालं

दादा उजाडायच्या आधी तळ्याच्या काठाला जाऊन बसला. ट्रायपॉड पार खाली, लेन्स जवळजवळ पाण्याच्या पातळीला. हे त्यानं एकदम बरोबर केलं होतं, कारण उभं राहून काढलं की बॅकग्राउंडला बगळ्याच्या पायाजवळचं चिखल-पाणी येतं, आणि खाली बसून काढलं की पलीकडचा लांबचा काठ येतो जो छान धूसर होतो. त्या दिवशी मागचा काठ शेवाळी हिरवा आणि एकदम मऊ आलाय, बॅकग्राउंडला नाव ठेवायला जागा नाही.

राखी बगळा तीसेक मीटरवर उतरला. दादानं ६०० वर झूम नेलं, मधला एकच फोकस पॉइंट बगळ्याच्या डोळ्यावर ठेवला आणि वाट बघत बसला. वीस-पंचवीस मिनिटं काही नाही. बगळ्याचं असंच असतं, तो एखाद्या खांबासारखा उभा राहतो आणि मग अर्ध्या सेकंदात सगळं घडून जातं. त्याच्या मानेतला सहावा मणका वेगळ्या घडणीचा असतो म्हणून मानेला तो इंग्रजी एससारखा बाक येतो, आणि तो बाक सरळ झाला की चोच भाल्यासारखी सुटते.

सुटली. मासा आला. दादानं बटण दाबून धरलं.

दहा फ्रेम सेकंदाला या वेगानं त्या प्रसंगाच्या १७ फ्रेम मिळाल्या. शटर एक हजारांश सेकंद, एफ ६.३ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १६०० (सेन्सरची संवेदनशीलता). घरी येऊन बघितल्यावर कळलं की १७ मधल्या ६ फ्रेममध्ये डोळा पांढुरका आहे, म्हणजे चोच मारताना डोळ्यावर तिसरी पापणी सरकते ती तशीच दिसतेय, जणू मोतीबिंदू झालाय. ७ फ्रेममध्ये मासा एकतर पाण्याच्या उडालेल्या थेंबांमागे किंवा चोचीबरोबर रेघ होऊन गेलाय. एका फ्रेममध्ये बगळ्यानं तोंड फिरवलेलं. राहिल्या ३. त्यातल्या दोनमध्ये मासा चोचीला समांतर, नीट कळत नाही की मासा आहे का काडी. आणि एक फ्रेम, अकरावी, तिच्यात मासा चोचीत आडवा, शेपटी वर वळलेली, डोळा पिवळाधमक आणि त्यात उजेडाचा एक ठिपका, चोचीच्या टोकाला लोंबणारा एक थेंब. पुढच्या फ्रेममध्ये तो थेंब नाही.

दादानं ही फ्रेम फोनवर घेऊन ग्रुपवर टाकली, आम्ही सगळ्यांनी जबरदस्त, कमाल, वगैरे लिहिलं. मीही लिहिलं. पाय कुणीच बघितले नाहीत.

अडचण

दोन दिवसांनी रॉ फाईल (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली) माझ्याकडं आली आणि मी ती मोठ्या स्क्रीनवर उघडली.

डोळा फ्रेमच्या बरोब्बर मध्यात. साहजिक आहे, मधला फोकस पॉइंट डोळ्यावर होता. त्यामुळं डोळ्याच्या वर अर्धी फ्रेम नुसती रिकामी हिरवी, आणि डोळ्याखाली जेवढी जागा उरली तेवढ्यात मान, छाती, पोट आणि पायाचा वरचा भाग. पाय मागे वाकतो त्या सांध्यावर फ्रेम संपलेली. (त्याला सगळे गुडघा म्हणतात, खरं तर तो घोटा असतो, गुडघा वर पिसांत लपलेला असतो.) पाणी नाहीच! म्हणजे पाण्यात उभ्या असलेल्या पक्ष्याचा फोटो आणि त्यात पाणी म्हणून काय तर चोचीचा तो एक थेंब.

आकडे मांडून बघितले तर गणित सोपं होतं. या सेन्सरवर ६०० मिलीमीटरला तीस मीटर अंतरावर आडव्या फ्रेममध्ये साधारण ११७ सेंटिमीटर रुंदी आणि ७८ सेंटिमीटर उंची मावते. डोळा मध्यात म्हणजे खाली ३९ सेंटिमीटर. बगळ्याचं डोकं पाण्यापासून त्यापेक्षा वर होतं. मग पाय येणार कुठून?

त्यात आणखी एक. फ्रेम दोन अंश डावीकडं झुकलेली होती, मागच्या काठाच्या रेघेवरून कळत होतं. दोन अंश म्हणजे किरकोळ वाटतं, पण ६००० बाय ४००० चा फोटो दोन अंश सरळ करून त्याच प्रमाणात ठेवायचा तर लांबी-रुंदी दोन्हीतून पाच-पाच टक्के जातात. आधीच खाली काही नाही आणि त्यात हे. मग दोन अंश सोडून दिले, अर्धा अंशच फिरवलं, काठ इतका धूसर आहे की उरलेलं कुणाच्या लक्षात येणार नव्हतं. आणि आलंही नाही कुणाच्या.

थोडक्यात आडवी फ्रेम, मध्यात डोकं, पाय कापलेले, आणि हवाय १६ बाय २० चा उभा प्रिंट. क्षण मात्र असा की परत मिळेल याची काही खात्री नाही. प्रदर्शनाला तेव्हा तीन आठवडे होते.

काय काय पर्याय होते

पहिला पर्याय सगळ्यात सरळ. फ्रेमची पूर्ण उंची वापरून उभा क्रॉप करायचा, ३२०० बाय ४००० पिक्सल. १६ बाय २० ला बरोब्बर २०० डीपीआय (इंचाला २०० ठिपके) बसतात, प्रिंटला काही अडचण नाही. पण ३२०० पिक्सल म्हणजे प्रत्यक्षात ६३ सेंटिमीटर रुंदी, आणि चोचीपासून शेपटीपर्यंत बगळाच जवळजवळ तेवढा. म्हणजे एकतर शेपूट कापा, नाहीतर माशाला फ्रेमच्या कडेला चिकटवा. वर अर्धी जागा रिकामी राहणार ती राहणारच आणि पाय कापलेलेच. मी हा करून बघितला, तो अपघातासारखा दिसत होता, दुसरा शब्द नाही. बघणाऱ्याला लगेच कळतं की फोटोग्राफरला पूर्ण पक्षी हवा होता आणि मिळाला नाही.

दुसरा, फक्त डोकं-मान ठेवून घट्ट उभा क्रॉप. १९०० बाय २३७५ पिक्सलच्या आसपास, म्हणजे १६ बाय २० वर जेमतेम ११९ डीपीआय. इथं दादा आणि माझं बराच वेळ वाजलं. दादाचं म्हणणं होतं, "अरे ३०० डीपीआय हातात धरून बघायच्या फोटोला लागतात, भिंतीवरच्या प्रिंटला कोण नाक लावून बघतंय?" आणि त्याचं गणित चूक नव्हतं. तीस सेंटिमीटरवरून बघताना डोळ्याला ३०० च्या आसपास बारकावा कळतो, मीटरभरावरून बघताना नव्वदेक पुरतात. माझं म्हणणं असं की पक्ष्याच्या क्लोजअपला लोक नाक लावूनच बघतात. निसर्गदृश्य असेल तर मागे सरकतात, पण पिसं दिसली की पुढे येतात, हे मी दरवर्षी बघतो.

आणि खरा मुद्दा डीपीआयचा नव्हताच, नॉइजचा, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणाचा, होता. २४ मेगापिक्सलमधून साडेचार मेगापिक्सल उरवले म्हणजे सेन्सरचा पाचवा हिस्सा वापरला. तो पाचवा हिस्सा त्याच मापाच्या कागदावर ताणला की आयएसओ १६०० चा फोटो साधारण साडेआठ हजारावर काढल्यासारखा दिसतो. क्रॉप केल्यानं पक्षी मोठा होतो तसं बाकीचंही सगळं मोठं होतं, नॉइज, हात हलल्याची खूण, फोकसची बारीकशी चूक. फोकसची खोली (जेवढ्या अंतरातलं सगळं शार्प दिसतं ती) पण कमी होते, कारण तीच धूसरता आता जास्त ताणली जातेय. इथं त्या बाबतीत नशीब चांगलं होतं, तीस मीटरवर एफ ६.३ ला अर्ध्या मीटरच्या वर खोली मिळते, त्यामुळं डोळा, मासा, चोचीचं टोक सगळं शार्प. हाच बगळा पाच मीटरवर असता तर खोली जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर मिळाली असती आणि डोळा शार्प तर मासा गेला, अशी गत झाली असती.

तिसरा पर्याय ग्रुपमधल्या एकानं सुचवला, दुसऱ्या फ्रेममधून पाय आणून जोडायचे. म्हणजे मासा पकडायच्या आधी दादानं एकदा कॅमेरा खाली झुकवला होता, त्या फ्रेममध्ये पाय आणि प्रतिबिंब दोन्ही आहेत, दोन फ्रेम जोडल्या की पूर्ण बगळा. तांत्रिकदृष्ट्या होण्यासारखं होतं. पण जोडलेले फोटो नियमात नाहीत, आणि नियम बाजूला ठेवला तरी ते पाय दहा मिनिटं आधीच्या बगळ्याचे. हाच प्रकार एआयनं खाली कॅनव्हास वाढवून पाय काढून घेण्याचा, तोही कुणीतरी गंमत म्हणून करून दाखवला, पाय आले पण त्यातला एक गुडघ्यातून पुढे वाकलेला, माणसासारखा. आम्ही खूप हसलो आणि विषय संपला.

चौथा, एआयनं रिझोल्युशन वाढवायचं. हा मी मनापासून करून बघितला कारण दुसरा पर्याय त्यानं जमला असता. दुप्पट केल्यावर लांबून फोटो सुरेख दिसत होता. जवळून बघितलं तर मानेवरची बारीक पिसं कंगव्यानं विंचरल्यासारखी एका दिशेला झालेली, आणि डोळ्याभोवतीची कडा प्लॅस्टिकच्या बाहुलीसारखी. मानेच्या पुढच्या बाजूला काळ्या तुटक रेघा असतात ना, त्या तुटक राहिल्याच नाहीत, सॉफ्टवेअरनं दोन-तीन जोडून टाकल्या. जी खूण पक्ष्यावर नाही ती फोटोत आली, आणि आपण त्याला निसर्गाचा फोटो म्हणायचं. नको.

पाचवा, दुसरा फोटो द्यायचा. दादाकडं त्याच सकाळचा पूर्ण बगळ्याचा एक फोटो होता, पाय, प्रतिबिंब सगळं असलेला. मासा नाही, बगळा नुसता उभा. चांगला फोटो होता, पण असे आपल्या सगळ्यांकडं पन्नास असतात.

सहावा, परत जायचं. तो दादानं न विचारताच केला, त्याबद्दल पुढे.

शेवटी काय केलं

आधी चूक सांगतो. पहिला निर्णय आम्ही घाईत घेतला, दुसरा पर्याय, घट्ट उभा क्रॉप. दादाचा उत्साह होता आणि स्क्रीनवर फाईल पूर्ण दिसेल इतकी छोटी करून बघितली तर ती दिसतेच छान. पूर्ण प्रिंट काढायच्या आधी मी एक पट्टी छापून घेतली, म्हणजे डोळा-चोच-मासा एवढाच भाग पण प्रिंटमध्ये असेल त्याच मापात, छोट्या कागदावर. हे करायला काही लागत नाही आणि ते न करणारे लोक मला कळत नाहीत. पट्टीवर काय दिसलं, तर चोचीच्या वरच्या कडेला पांढरी रेघ, जास्त शार्पनिंगची, जणू खडूनं कुणी चोच आखलीय. राखाडी मानेवर नॉइज रव्यासारखा. आणि रवा घालवायला नॉइज रिडक्शन वाढवलं की मान साबणासारखी गुळगुळीत. मधला रस्ता काही सापडेना, मी दोन संध्याकाळी त्यात घालवल्या.

पट्टी हातात धरून दादा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "एवढा मोठा छापायलाच पाहिजे का?"

हा या प्रकरणातला सगळ्यात कामाचा प्रश्न होता आणि तो आम्ही पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. माउंट १६ बाय २० चा हवा होता, प्रिंट नव्हे. संयोजनातल्या माणसाला फोन केला, माउंटमध्ये छोटी खिडकी कापून चौकोनी प्रिंट लावला तर चालेल का, तो म्हणाला चालेल की, बाहेरचं माप तेवढं सारखं ठेवा. एका फोनचं काम आणि आम्ही दहा दिवस डोकं आपटत होतो.

मग चौकोनी क्रॉप. २४०० बाय २४०० पिक्सल, १२ बाय १२ इंचाचा प्रिंट, २०० डीपीआय. प्रत्यक्षात ४७ सेंटिमीटरचा चौकोन, त्यात डोकं, मासा, मानेचा पूर्ण बाक आणि खांद्याचा थोडा भाग.

तो चौकोन नेमका कुठं ठेवायचा यावर मात्र वेळ घेतला, आणि इथं घाई केली नाही ते बरं झालं. पहिल्यांदा मी चौकोन जरा लहान करून वर ठेवला, खालची कड मानेच्या मध्यावर आली. बगळ्याची मान छाटून भिंतीवर टांगल्यासारखी दिसायला लागली, शिकाऱ्याच्या घरात असतात तशी. मग चौकोन २४०० चा करून खाली सरकवला, इतका की मान खाली येऊन खांद्याला मिळते ती जागा आणि खांद्यावरचा काळा डाग आत आला. तो काळा डाग आल्याबरोबर फोटोला बूड मिळालं. मान आता डाव्या खालच्या कोपऱ्यातून येते, वर चढते, वळते आणि चोचीतून उजवीकडं जाते, नजर आपोआप माशापर्यंत पोचते. कापलंय हे दिसतं पण ठरवून कापलंय असं दिसतं, आणि माझ्या मते क्लोजअपमध्ये सगळा फरक तिथंच आहे. पक्षी एकतर पूर्ण घ्या, नाहीतर कुणाला शंका येणार नाही इतका स्पष्ट कापा. शेपटीचं टोक गेलं, पायाची बोटं गेली, पंखाचं एकच पीस गेलं, असला अर्धवट काप सगळ्यात वाईट, त्यापेक्षा अर्धा पक्षी गेलेला परवडला.

उजवीकडं माशाच्या शेपटीपुढे ३०० पिक्सल मोकळे ठेवले. दादाला ४०० हवे होते, तेवढे दिले की डावीकडून खांदा जात होता. डोळा वरच्या डाव्या तिसऱ्या भागाच्या जवळपास पडला, मी मोजून ठेवला नव्हता, खांदा आणि मासा दोन्ही सांभाळताना तो तिथं आला. डाव्या कडेला एक लव्हाळ्याचं पातं होतं, फोकसबाहेरचं पण उजेडानं पांढरं पडलेलं, त्याचा बोटभर तुकडा आत येत होता. क्लोन करून, म्हणजे शेजारचा भाग त्यावर चिकटवून, काढणं नियमात नाही. चौकोन १० पिक्सल उजवीकडं सरकवून तुकडा अर्धा केला आणि उरलेला गडद केला, गडद-उजळ करायला परवानगी आहे. आता शोधलं तरच दिसतं.

पुन्हा पट्टी छापली. रवा होता पण बारीक, कागदाच्या पोतात मिसळणारा. चोचीची खडूची रेघ नाही, कारण या मापाला तेवढं शार्पनिंग लागलंच नाही. दादानं पट्टी चष्मा काढून बघितली, चष्मा लावून बघितली आणि मान डोलावली.

माउंटच्या खिडकीला दोन्ही बाजूंना २ इंच, वर साडेतीन आणि खाली साडेचार ठेवले. वर-खाली सारखे ४-४ ठेवले की प्रिंट खाली घसरल्यासारखा वाटतो.

निकाल

प्रिंट लागला. बाजूच्या सगळ्या मोठ्या प्रिंटमध्ये हा एकटाच लहान, आणि लहान असल्यामुळं लोक त्याच्या जवळ जात होते, मी म्हटलं तसं नाक लावून. जवळ गेल्यावर थेंब दिसतो. तिथं उभं राहून मी दोन दिवस ऐकलं, बहुतेक लोक थेंबाबद्दल बोलत होते, एक लहान मुलगी माशाबद्दल वाईट वाटून निघून गेली. पायांबद्दल एकानंही विचारलं नाही. एका जुन्या जाणत्या फोटोग्राफरनं मात्र थोडा वेळ बघून दादाला विचारलं, "आडवी फ्रेम होती ना ही?" दादानं हो म्हटल्यावर तो नुसता हसला आणि पुढं गेला. कशावरून ओळखलं ते त्यानं सांगितलं नाही, दादा अजून त्यावर विचार करतोय.

परत जाण्याचं म्हणाल तर दादा त्या तीन आठवड्यांत सहा वेळा गेला. एकदा बगळा आणखी जवळ होता, दादाला आणखी थोडं पुढं सरकता आलं असतं, पण बगळ्यानं मासे शोधायचं थांबवून मान सरळ ताणली आणि याच्याकडं बघायला लागला, तेव्हा हा जागेवरच थांबला आणि नंतर हळूच मागे आला. जवळ जाऊन पक्षी उडवण्यापेक्षा क्रॉप केलेला बरा, यावर आमच्या दोघांचं कधीच भांडण नाही. सहाव्या दिवशी त्याला उभी फ्रेम मिळाली, पाय, पाण्यातलं प्रतिबिंब, वर मोकळी जागा, सगळं जिथल्या तिथं. मासा नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट इतकी छोटी आहे की लिहायला संकोच वाटतो. लेन्सच्या कॉलरचा (ट्रायपॉडवर लेन्स धरणाऱ्या कड्याचा) स्क्रू सैल करून कॅमेरा पाव फेरा फिरवायचा, दोन सेकंद लागतात. तीच लेन्स, तोच बगळा, तेच तीस मीटर, फ्रेम उभी केली असती तर ७८ ऐवजी ११७ सेंटिमीटर उंची मिळाली असती. झूम ६०० वरून ५०० वर आणलं असतं तर १४१ बाय ९४, म्हणजे पाय, प्रतिबिंबाचा मोठा भाग आणि माशापुढे मोकळी जागा. त्यातून १६ बाय २० साठी ४००० बाय ५००० पिक्सल मिळाले असते, २५० डीपीआय, काहीही न ताणता. दादाकडं वीस-पंचवीस मिनिटं होती आणि बगळा खांबासारखा उभा होता! उभ्या पक्ष्याला आडवी फ्रेम का, हे त्याला तेव्हा सुचलंच नाही कारण ट्रायपॉडवर कॅमेरा आडवा असतो, सवयीनं.

दुसरी सवय ६०० ची. झूम लेन्स घेतो आणि मग ती ६०० वरच गोठून जाते, आपल्यातल्या निम्म्या लोकांचं असंच आहे, पक्षी जितका मोठा तितका फोटो चांगला असं डोक्यात बसलेलं असतं. उभा असताना बगळा फ्रेममध्ये मावत होता म्हणून दादाला ते पुरेसं वाटलं. पण पक्षी काहीतरी करणार आहे, मान लांब करणार, पंख उघडणार, पाणी उडवणार, तर त्या करण्याला जागा आधीच ठेवायला लागते. दादा आता पक्षी शांत असताना काठाकडची जागा बघून ठरवतो की पंख उघडले तर कुठपर्यंत जातील, आणि तेवढं झूम मागे घेतो. थोडे पिक्सल जातात, जाऊ देत.

तिसरं फोकस पॉइंटचं. मधला पॉइंट डोळ्यावर ठेवला की डोकं मध्यात येणार, त्यातून सुटका नाही. उंच पक्ष्याला पॉइंट वर सरकवून ठेवायचा. ज्यांच्याकडं डोळा ओळखणारे नवीन कॅमेरे आहेत त्यांना वाटतं हा प्रश्न सुटला, कारण कॅमेरा डोळा कुठंही असला तरी पकडतो, पण मी त्यांच्याही फायली बघतो आणि डोकं तरीही मध्यातच असतं, जुनी सवय हातात राहते.

माझ्या बाजूनं चुकलं ते असं की फोनवर बघून मी वाहवा केली. तेव्हाच फाईल मागितली असती तर दोन दिवस जास्त मिळाले असते आणि दादा परत जाताना पहिल्या दिवसापासून उभ्या फ्रेमनं गेला असता. तो पहिल्या तीन वेळा परत आडवाच काढून आला, कारण काय चुकलंय हे तोपर्यंत आम्ही दोघं नीट बोललोच नव्हतो, आमचं सगळं बोलणं क्रॉपवर चालू होतं. दुसरं म्हणजे प्रिंटच्या मापाचा फोन.

चौकोनी क्रॉप बरोबर होता का यावर मात्र अजून एकमत नाही. दादाला वाटतं की आडवा, रुंद क्रॉप करून डावीकडं पूर्ण पाठ ठेवली असती, पाय पोटाखालीच स्पष्ट कापून, तर बगळा जास्त बगळ्यासारखा दिसला असता. मी तो करूनही ठेवलाय, फाईल आहे, ४२०० बाय २१००. पाठ सुंदर दिसते. पण त्यात थेंब इतका लहान होतो की शोधावा लागतो. माझं मत थेंबाला. त्यानं त्याच्या घरात रुंदवाला छापून लावलाय.